प्रायमस हवा धरत नाही : गळती आधी शोधायची की सरळ सगळे वॉशर बदलायचे?

सातपुडा_पायी
नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत एका जुन्या सामानाच्या दुकानातून छोटा घडीचा पितळी प्रायमस, म्हणजे पंपाचा रॉकेल स्टोव्ह, घेतला आहे. स्वीडनमध्ये बनलेला. पत्र्याच्या डब्यात टाकी, बर्नर, तीन पाय आणि वरची कडी, सगळं सुटं. टाकीला पोचे नाहीत, डाग दिल्याच्या खुणाही नाहीत.

रॉकेलवर नीट पेटतो. ज्योत निळी, आवाज भरदार. पण थोड्याच वेळात आवाज बसतो, ज्योतीला पिवळी टोकं येतात आणि परत पंप मारावा लागतो. पंप मारून हात काढला की दांडा हळूहळू आपोआप वर येतो. बर्नर काढून, त्याच्या जागी टोपण घट्ट लावून, नुसती हवा भरून रात्रभर ठेवला. सकाळी हवा सोडायचा स्क्रू ढिला केला तर फुस्ससुद्धा नाही.

डिसेंबरात छिंदवाड्याजवळ तामिया-पाताळकोटकडे दोन-तीन मुक्कामांचा बेत आहे, ओळखीच्यांच्या शेतावर. स्वयंपाक याच्यावरच करायचा आहे. दुकानदार म्हणतो सगळे वॉशर एकदम बदलून टाका. तसंच करू का?

पितळवेडा
नका करू. जुन्या स्टोव्हचा प्रत्येक सांधा उघडला की दरवेळी थोडं पितळ झिजतं. जो सांधा आज हवा धरतो आहे त्याला हात लावायचाच नाही. आधी हवा कुठून जाते ते बघा, मग तेवढंच खोला.

तुम्ही दिलेल्या लक्षणांतच अर्धं उत्तर आहे. पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. हवा टाकीत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. आपल्याकडचे मिस्त्री त्याला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. दांडा आपोआप वर येतो म्हणजे टाकीतली हवा त्या व्हॉल्व्हमधून मागे येऊन दांड्याला खालून ढकलते आहे. याला दुसरं कारण जवळपास नसतंच. खात्री करायची असेल तर स्टोव्ह गार असताना, हवा सोडून, पंपाचा दांडा पूर्ण बाहेर काढा आणि नळीत कापूस बांधलेली काडी फिरवा. कापसाला रॉकेल लागलं तर व्हॉल्व्ह गेला.

पण ज्योत इतक्या लवकर बसते, त्याला हे एकटं कारण पुरेसं आहे का, याची मला शंका आहे. बादलीची परीक्षा घ्या. रॉकेल पूर्ण काढा, टाकी उघडी ठेवून कोरडी होऊ द्या. टोपण लावून हवा भरा आणि पाण्यात बुडवा. मग बर्नर बसवून पुन्हा तेच. बर्नर लावल्यावर जेटमधून, म्हणजे बर्नरच्या बारीक छिद्रातून, बुडबुडे येणारच, कारण या स्टोव्हला वेगळा कॉक नसतो. ती गळती नव्हे. बाकी कुठूनही एक जरी बुडबुडा आला तर जागा लिहून ठेवा.

रानवाट
एवढा खटाटोप कशाला? सायकलच्या ट्यूबचा तुकडा गोल कापून व्हॉल्व्हमध्ये टाका, फिलरच्या (रॉकेल भरायच्या तोंडाच्या) झाकणालाही तोच. आणि रॉकेल मिळत नसेल तर पेट्रोल घाला. पेट्रोलला पंप कमी लागतो म्हणतात.

पितळवेडा
@रानवाट, दोन्ही गोष्टी करू नका आणि कुणाला सांगूही नका. ट्यूबचं रबर रॉकेल पितं आणि फुगतं. सुरुवातीला घट्ट बसल्यासारखं वाटतं, मग मऊ पडून चिकट होतं आणि त्याचे कण वर जेटमध्ये जाऊन बसतात. नायट्राइल किंवा व्हिटॉन, ही रबरं रॉकेलला टिकतात. फिलरचं झाकण आणि व्हॉल्व्ह दोन्ही बर्नरच्या जवळ आहेत, तिथे व्हिटॉन जास्त बरं, कारण ते उष्णताही जास्त सहन करतं.

पेट्रोलचं तर बोलूच नका. हा बर्नर रॉकेलसाठी बनला आहे. रॉकेलची वाफ व्हायला बर्नर चांगला तापावा लागतो, पेट्रोलची वाफ त्याच्या कितीतरी आधी होते. त्यात आपल्या नागपुरात मे महिन्यात सावलीतसुद्धा टाकी हाताला गरम लागते. दाबाखालची पेट्रोलची टाकी, शेजारी उघडी ज्योत आणि हवा धरत नसलेलं झाकण. पेट्रोलचे स्टोव्ह वेगळे येतात, त्यांची जेटं वेगळी, आणि काहींना झाकणातच सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो. याला तो नाही.

धरमपेठची_मावशी
मी कित्येक वर्षं असल्याच स्टोव्हवर घरचा स्वयंपाक केला आहे, म्हणून बोलते. ज्योत पिवळी दिसली की सगळे आधी पंप मारतात. तसं करू नये. पिवळी ज्योत म्हणजे वाफ नीट होत नाही आहे, कच्चं रॉकेल वर येऊन राहिलं आहे. त्यात आणखी हवा भरली की ते कच्चं रॉकेल जोरात बाहेर येतं आणि भडका होतो. आमच्या काळात स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या पेपरात यायच्या, त्यातल्या कितीतरी बायका साड्यांमुळे वाचल्या नाहीत. मला ते आजही आठवतं.

पहिला हात हवा सोडायच्या स्क्रूकडे गेला पाहिजे. स्क्रू सोडताना आवाज ऐका. जोरात फुस्स झालं तर टाकीत हवा आहे, दोष वर बर्नरमध्ये आहे. पिन मारा, जेट साफ करा, पुन्हा काकडा (बर्नर तापवायची पेटती चिंधी) लावून बर्नर नीट तापवा. आवाजच आला नाही तर हवा गेली आहे, मग खाली शोधा. हे एवढं ऐकलं तर पानासुद्धा घ्यावा लागत नाही.

आणि काकडा पूर्ण जळू द्या. लोक घाई करतात.

पितळवेडा
मावशी, हे सगळ्यांनी वाचायला हवं. हवा जाणं आणि हवा असूनही ज्योत न मिळणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लक्षण मात्र दोघांचं एकच, बसलेली ज्योत. जेट तुंबलेलं असताना पंपाचा वॉशर बदलत बसणारे मी खूप पाहिले.

सातपुडा_पायी
मावशींनी सांगितलं तसं पाहिलं. ज्योत बसल्यावर स्क्रू सोडला तर अगदी क्षीण आवाज. म्हणजे हवा खरंच जाते आहे.

मग बादली. तळाच्या जोडाला काहीही नाही, टाकी धड आहे. पंपाच्या टोपीखालून दांड्याच्या भोवतीनं बुडबुड्यांची सलग माळ. फिलरच्या झाकणाच्या एका बाजूनं अधूनमधून एखादा मोठा बुडबुडा. बर्नर लावल्यावर त्याच्या बुडाशी, जिथे तो टाकीवर आवळला जातो तिथे, अगदी बारीक फेसासारखे बुडबुडे. जोरात आवळलं तरी थांबत नाहीत.

पितळवेडा
आता चित्र स्पष्ट आहे. पंपातली गळती त्रासाची आहे, बर्नरच्या बुडातली धोक्याची. पंपातून हवा जाते, थोडं रॉकेलही मागे येतं. बर्नरच्या बुडातून दाबाखालचं रॉकेल येतं, तेही ज्योतीच्या खाली काही बोटांवर. तो सांधा दुरुस्त होईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

आणखी आवळूही नका. तिथे मुळात शिशाचा वॉशर असतो. घरातल्या मोठ्या स्टोव्हचा बर्नर वर्षानुवर्षं जागेवर असतो, तुमच्या घडीच्या स्टोव्हचा दर मुक्कामाला निघतो आणि बसतो. शिसं मऊ असतं, दाबलं की त्यावर कड्याचा ठसा उठतो, आणि पुढच्या वेळी बर्नर थोडा वेगळा फिरून बसला की तो ठसा जुळत नाही. आवळत गेलात तर पितळी आटे जातील. आटे गेले की मग काहीच उरत नाही.

हिंगणा_लेथ
माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि ड्रिल. असले स्टोव्ह लोक आणून देतात. बर्नरच्या वॉशरसाठी शिशाचा पत्रा मिळाला तर तो उत्तम, पंचानं गोल कापायचा. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, शिसं पोटात जायला नको. नाही मिळाला तर डिझेल पंपाचं काम करणाऱ्यांकडे तांब्याचे वॉशर असतात, मापाचा घ्या. पण तांबं तसंच लावू नका. गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, ते मऊ पडतं. पोलाद असं केल्यानं कडक होतं, तांब्याचं उलट आहे. मऊ केलं तरी ते शिशापेक्षा कडकच, म्हणून बर्नरची आणि टाकीची बैठक दोन्ही सपाट हव्यात. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बर्नरचं बूड त्यावर हलक्या हातानं गोल फिरवा. चमक सगळीकडे सारखी आली की बैठक सपाट झाली.

व्हॉल्व्ह काढणं मात्र जपून. तो पंपाच्या खोल नळीच्या तळाशी असतो आणि वर्षानुवर्षं अडकून बसलेला असतो. लांब पेचकस घालून जोर लावला की दोनपैकी एक होतं. एकतर व्हॉल्व्हची खाच फाटते, नाहीतर व्हॉल्व्हऐवजी अख्खी नळीच फिरते आणि टाकीशी असलेला तिचा डागाचा सांधा सुटतो. तो सांधा साध्या कथलाचा असतो, १९० अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणून ब्लो टॉर्चनं तापवून सैल करायचा मोह टाळा.

आम्ही असं करतो. नळी उभी धरून तळात गंज सोडवायचं तेल घालतो आणि रात्रभर ठेवतो. मग त्या व्हॉल्व्हच्या डोक्याच्या मापाची चावी बनवतो. लोखंडी गजाच्या टोकाला भोक पाडून कानशीनं दोन जीभा काढायच्या, व्हॉल्व्हच्या खाचांत त्या पूर्ण बसल्या पाहिजेत. अर्धवट बसल्या तर घसरतात. टाकी शिकंज्यात धरायची नाही, दोन गुडघ्यांत धरायची, आणि चावीवर खाली दाब देत झटका न देता जोर लावायचा. सुटताना एक बारीक टक असा आवाज येतो.

रानवाट
व्हॉल्व्हच्या आत नेमकं काय असतं? मी कधी उघडून पाहिला नाही.

हिंगणा_लेथ
एक पितळी टोपी, तिच्यात केसासारखी बारीक स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या तोंडावर मसुराच्या दाण्याएवढी गोल टिकली. जुन्या स्टोव्हमध्ये ती टिकली बुचाची असते, नंतरच्यांत रबराची. ती समोरच्या पितळी कडेवर टेकते आणि हवा अडवते. टिकली भिंगाखाली धरा. जुन्या टिकलीवर एक खोल गोल चर पडलेला दिसेल, आणि नख लावलं तर ती काचेसारखी टणक लागेल. तो चर म्हणजे कड वर्षानुवर्षं एकाच जागी रुतलेली. कधी कधी टिकली धड असते आणि कडेवर हिरवट जंगाचा एकच कण चिकटलेला असतो. तोही पुरतो. कड लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून लाकडाच्या काडीनं साफ करा. धातूची सुई लावू नका, ओरखडा पडला की कायमचा.

नवी टिकली व्हिटॉनच्या शीटमधून पंचानं कापा. हिंगणा रोडला हायड्रॉलिक सीलवाल्यांकडे कतरण मिळते. जाडी जुन्या टिकलीएवढीच. जाड घातली तर स्प्रिंग पूर्ण दबते आणि पंप मारताना हवा आत जातच नाही.

भौतिकी_नागपूर
सगळी गळती बंद झाल्यावरही सातपुडा_पायी यांना पंप मारावाच लागणार आहे. तेव्हा पुन्हा घाबरून स्टोव्ह उघडायला नको, म्हणून हिशेब मांडतो.

टाकी तीन चतुर्थांश भरली असं धरा. हवेला एक चतुर्थांश जागा. पंप मारून आत बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब केला, म्हणजे एकूण २ वातावरण, बाहेरच्यापेक्षा १ जास्त. आता रॉकेल जळत जळत टाकी अर्धी झाली. हवेची जागा एक चतुर्थांशावरून अर्ध्यावर, म्हणजे दुप्पट. तीच हवा दुप्पट जागेत पसरली की दाब निम्मा, एकूण १ वातावरण. म्हणजे बाहेरच्या इतकाच. एकही बुडबुडा न गळता स्टोव्ह विझायच्या बेतात येतो.

पुढचा अर्धा भाग जळताना मात्र हवेची जागा आधीच मोठी असल्यामुळे दाब सावकाश उतरतो. म्हणून गच्च भरलेल्या टाकीला सारखा पंप लागतो आणि अर्ध्या टाकीला कमी. गच्च भरलेला स्टोव्ह हवा धरत नाही असं पुष्कळांना वाटतं, त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरं, दुपारी ३० अंशांत हवा भरली आणि पहाटे पाताळकोटात १० अंश असले तर एकूण दाब सुमारे ७ टक्के उतरतो. बाहेरच्यापेक्षा जास्तीचा जो दाब असतो, ज्यावर ज्योत चालते, त्यातला मात्र सुमारे १३ टक्के जातो. सकाळी फुस्स थोडं कमी झालं तर ते थंडीमुळे. तुमचं फुस्स अजिबातच नव्हतं, ती गळतीच.

सातपुडा_पायी
हे फार उपयोगी पडलं. मी दरवेळी टाकी गळ्यापर्यंत भरत आलो आहे.

पंपाच्या कातडी वॉशरला तेल कोणतं द्यायचं? आत्ता तो कोरडा आहे, दांडा खाली ढकलताना मध्येच पोकळ लागतो. घरी जवसाचं तेल आहे.

पितळवेडा
जवसाचं नको! आपल्या विदर्भात ते घराघरात असतं म्हणून मुद्दाम लिहितो. जवसाचं तेल हवेत वाळतं आणि त्याची कडक साय धरते, वार्निशात आणि रंगात ते त्याच गुणासाठी घालतात. कातड्याला दिलं की काही महिन्यांत वॉशर लाकडासारखा होतो. शिलाई मशीनचं तेल किंवा इंजिन ऑइल द्या. वॉशर काढून रात्रभर तेलात बुडवून ठेवा, मग बोटानं त्याच्या कडा बाहेर फाकवा, छत्रीसारखा आकार आला पाहिजे. नळीत घालताना कड दुमडली जात नाही ना, ते फिरवत फिरवत घालून बघा. बदलायची गरज पडेल असं वाटत नाही. ही जुनी कातडी आज मिळणाऱ्या पातळ वॉशरपेक्षा कितीतरी चांगली असतात.

फिलरच्या झाकणाचं रबर मात्र बदला. एका बाजूनं मोठा बुडबुडा म्हणजे ते एकीकडे चिरलं आहे.

रानवाट
टाकी चकाचक करायची तर काय लावू? माझ्याकडेही एक आला आहे आता, याच धाग्यामुळे.

पितळवेडा
चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही. फक्त अमोनियाचं पॉलिश नको. ताण असलेल्या पितळेला अमोनियानं केसासारख्या चिरा पडतात. टाकी पत्रा दाबून बनवलेली असते, म्हणजे ताण तिच्यात आहेच. अशी चीर बादलीत दिसली तर डाग देऊन वापरू नका, ती टाकी शोभेला ठेवा.

सातपुडा_पायी
काम झालं, म्हणून कळवतो.

हिंगणा_लेथ यांनी सांगितल्याप्रमाणे चावी करून घेतली. व्हॉल्व्ह तेलात भिजवल्यावर सुटला, आणि तो टक आवाज खरंच येतो. आत बुचाची टिकली होती, तिच्यावर चर, आणि चराच्या एका जागी बूच तुटून खाच पडलेली. हवा तिथूनच येत होती. व्हिटॉनची टिकली बसवली. बर्नरचं बूड काचेवर घासलं तेव्हा अर्ध्या बाजूलाच चमक आली, म्हणजे बैठक तिरकी होती. ती सपाट केली आणि शिशाचा नवा वॉशर घातला. आता हलकं आवळलं तरी बादलीत जेट सोडून कुठूनही एकही बुडबुडा नाही. दांडा जिथे सोडावा तिथेच राहतो. टोपण लावून रात्रभर ठेवला, सकाळी भरपूर आवाज.

टाकी अर्ध्याच्या थोडी वर भरून गच्चीवर खिचडी शिजवली. मध्ये थोडा पंप लागला, भौतिकी_नागपूर म्हणाले तेवढाच.

एक विचारायचं राहिलं. वाऱ्यासाठी भोवती पत्र्याचा आडोसा लावला तर टाकी फार तापते. किती तापू द्यायची?

धरमपेठची_मावशी
टाकीला तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे. चटका बसला की हवा सोडून विझवायचा, गार होऊ द्यायचा. आडोसा वाऱ्याच्या बाजूनंच ठेव, चारी बाजूंनी गुंडाळू नको. आणि पातेलं फार रुंद घेऊ नकोस बाळा, त्याची आच खाली टाकीवर येते.

हिंगणा_लेथ
मी वर कथलाचा सांधा सांगितला तो याचसाठी. टाकी थंड राहते असं धरूनच तो कथलानं जोडलेला असतो.

रानवाट
रॉकेल रेल्वेनं नेता येईल का? छिंदवाड्यापर्यंत गाडी आहे.

सातपुडा_पायी
नाही, ज्वलनशील सामान प्रवासी गाडीत न्यायला बंदी आहे. आम्ही आपल्या गाडीनं जातोय, धातूच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, टाकी रिकामी ठेवून. आणि स्टोव्ह शेतातच पेटवणार, जंगलाच्या हद्दीत नाही.

पितळवेडा
उत्तम. बर्नर दर मुक्कामाला निघणार, म्हणून शिशाचा आणखी एक वॉशर, व्हॉल्व्हची एक टिकली आणि पिन डब्यातच टाका. बर्नर आणि टाकी दोन्हींवर समोरासमोर एक बारीक रेघ ओढून ठेवा. बसवताना रेघा जुळल्या की शिशावरचा ठसाही जुळतो. परत आल्यावर टाकी रिकामी करून फिलरचं झाकण सैल ठेवा, नाहीतर नव्या रबरावरही चर पडेल.